कॉकपिटमध्ये स्मरणशक्तीवर किती भार टाकावा?

एका प्रशिक्षणार्थी वैमानिक तरुणीचे पत्र आले आहे. लेखी परीक्षांत तिला उत्तम गुण आहेत, विमानाच्या वेगमर्यादा आणि आणीबाणीच्या कृती तिला तोंडपाठ आहेत. पण सुमारे वीस तासांचे उड्डाण होऊनही तिला अजून सोलोची, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकटीने उडण्याची, परवानगी मिळालेली नाही. हवाई वाहतूक नियंत्रकाने एका दमात दिलेल्या सूचनेचा अर्धा भाग तिच्या मनातून लगेच निसटतो. उतरताना वेगाकडे पाहिले की उंची बिघडते आणि उंची सावरेपर्यंत वेग हाताबाहेर जातो. ‘डाउनविंडवर (उतरण्यापूर्वीच्या चौकोनी फेरीतल्या, धावपट्टीला समांतर बाजूवर) आल्यावर कळवा’ असे सांगितलेले ती एकाहून अधिक वेळा विसरली आहे. प्रशिक्षक ‘लक्ष कुठे आहे?’ असे विचारतात, आणि तिच्याबरोबर प्रवेश घेतलेल्या मित्राचे सोलो होऊनही गेले. आपली स्मरणशक्ती आणि एकाग्रता मुळातच कमी आहे, अशी तिची खात्री होत चालली आहे. म्हणून ती रात्री जागून टिपणे पुन्हा पुन्हा वाचते आणि मोबाइलवर स्मरणशक्तीचे खेळ खेळते. ‘माझा मेंदू या कामासाठी नाही, हे मान्य करून प्रशिक्षण सोडावे का?’ असा तिचा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी एक गृहीतक आहे: चांगला वैमानिक सगळे काही डोक्यात धरून ठेवतो आणि एकाच वेळी सगळीकडे लक्ष देतो. या मापाने मोजले तर तुम्ही कमी पडता, यात शंका नाही. पण या मापाने मोजले तर प्रत्येक वैमानिक कमी पडेल. चेकलिस्ट, सूचना परत वाचून दाखवण्याची सक्ती, दोन वैमानिकांनी एकमेकांचे काम तपासण्याची पद्धत, धोक्याच्या घंटा हे सगळे माणसाची स्मृती तोकडी आणि लक्ष अरुंद असते हे मान्य करूनच उभे राहिले आहे. त्यामुळे ‘सोडावे का’ या प्रश्नाकडे येण्याआधी तुमच्या बाबतीत नेमके काय घडते आहे, ते सुटे करून पाहू. तुम्ही ज्याला सरसकट ‘विसरणे’ म्हणता, त्यात तीन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि तिघींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली गोष्ट नियंत्रकाच्या सूचनेची. आत्ता ऐकलेले काही क्षण धरून ठेवणारी जी स्मृती असते, तिची जागा फार थोडी आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ही मर्यादा साधारण सात घटकांची, दोन कमी किंवा दोन जास्त, अशी मांडली; पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी ती प्रत्यक्षात चारच्या आसपासच असल्याचे दाखवून दिले. आणि ही जागा फार वेळ टिकतही नाही. 1959 मध्ये लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी लोकांना फक्त तीन अक्षरे लक्षात ठेवायला दिली, मात्र ती मनात घोळवता येऊ नयेत म्हणून त्यांना उलटे आकडे मोजायला लावले. 18 सेकंदांत ती अक्षरे बहुतेक वेळा निसटलेली असत. आता तुमच्या हेडफोनमध्ये येणारी सूचना पाहा. वळायची दिशा, उंची, नवी फ्रीक्वेन्सी आणि ट्रान्सपॉन्डरचा (नियंत्रकाच्या रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) चार आकडी कोड यांतले सुटे आकडे मोजले तर ते पंधराच्या घरात जातात, आणि ते घोळवायला तुम्हाला उसंत नसते, कारण त्याच वेळी तुम्ही विमान उडवत असता. असे आकडे निसटणे हा तुमच्या मेंदूचा दोष नाही. हे कोणाच्याही बाबतीत घडेल.

मग अनुभवी वैमानिक तीच सूचना एकदा ऐकून परत कशी म्हणून दाखवतात? याचे उत्तर बुद्धिबळाच्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये निष्णात आणि नवशिक्या खेळाडूंना पट काही सेकंद दाखवून मोहरी पुन्हा मांडायला सांगितली. खऱ्या डावातली मांडणी असली की निष्णात खेळाडू कितीतरी पुढे होते. मोहरी कशीही विखरून ठेवली तेव्हा मात्र त्यांची आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे त्यांची स्मृती मोठी नव्हती. त्यांना सुट्या मोहऱ्यांऐवजी ओळखीच्या रचना दिसत होत्या. अनुभवी वैमानिकाचे हेच होते. आपण कुठे आहोत, पुढे कोणती सूचना येणार, उंची साधारण कोणती असणार आणि फ्रीक्वेन्सी कोणाची असणार, हे त्याला सूचना येण्याआधीच ठाऊक असते. नियंत्रक बोलतो तेव्हा तो फक्त रिकाम्या जागा भरून घेतो.

ही गोष्ट तुम्हाला आजपासून करता येईल. रेडिओचे बटण दाबण्याआधी स्वतःला विचारा, की आता मला काय उत्तर मिळण्याची शक्यता आहे. मांडीवरच्या नीबोर्डवर त्या क्रमाने रकाने आधीच आखून ठेवा, संभाव्य फ्रीक्वेन्सी जमिनीवर असतानाच लिहून ठेवा, आणि शब्दांऐवजी स्वतःच्या ठरलेल्या खुणा वापरा. जमिनीवर असताना मिळणारी लांब सूचना तर लिहून घ्यायचीच असते. हवेत काही सुटले तर ‘से अगेन’ म्हणा. तुमच्या पत्रावरून वाटते, की तुम्हाला ते म्हणण्याची लाज वाटते. नवशिक्या वैमानिकाने अंदाजाने केलेला रीडबॅक (सूचना परत म्हणून दाखवणे) मला पुन्हा विचारण्यापेक्षा कितीतरी अधिक काळजीचा वाटतो, आणि आपले काम मनापासून करणाऱ्या नियंत्रकालाही तसेच वाटेल. आणि विमान सावरण्यात हात गुंतलेले असतील, तर ‘स्टँडबाय’ म्हणून काही सेकंद मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे. आधी विमान उडवायचे, मग दिशा पाहायची, मग बोलायचे, हा क्रम याचसाठी शिकवला जातो.

दुसरी गोष्ट वेग आणि उंची यांच्या ओढाताणीची, आणि मला वाटते तुमची खरी अडचण इथे आहे. डोळे एका वेळी एकाच ठिकाणी नीट पाहतात आणि मनही बरेचसे तसेच वागते. ‘सगळीकडे लक्ष’ म्हणजे प्रत्यक्षात लक्ष भराभर एकीकडून दुसरीकडे नेणे. ते एका जागी अडकले तर काय होते, हे 29 डिसेंबर 1972 च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सच्या 401 क्रमांकाच्या उड्डाणात दिसले. मायामीला उतरताना पुढचे चाक बाहेर आल्याचा दिवा लागला नाही, म्हणून विमान 2,000 फुटांवर ऑटोपायलटवर ठेवून कॉकपिटमधले सगळे जण त्या दिव्याच्या मागे लागले. दरम्यान उंची धरून ठेवणारी व्यवस्था नकळत सुटली, विमान हळूहळू खाली येऊ लागले आणि त्याची सूचना देणारा ध्वनी वाजूनही कोणाच्या ध्यानात आला नाही. विमान दलदलीत कोसळले आणि 101 माणसे गेली. कॅप्टनच्या नावावर जवळपास 30,000 तासांचे उड्डाण होते. ‘लक्ष कुठे आहे?’ हा प्रश्न त्या रात्री त्या कॉकपिटमध्ये विचारला असता, तर सगळ्यांनी अगदी प्रामाणिकपणे ‘इथेच, कामावर’ असे उत्तर दिले असते. म्हणून अधिक एकाग्र होण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. एका काट्यावर अधिक एकाग्र होणे हीच तर तुमची आजची अडचण आहे.

तुम्हाला हवे आहे ते लक्षाचे ठरलेले फिरणे, आणि फिरण्यासाठी लागणारी मोकळीक. मोकळीक आधी मिळवावी लागते. ट्रिम, म्हणजे दांड्यावरचा हाताचा दाब काढून टाकणारी योजना, नीट न लावलेले विमान सतत हाताने दाबून धरावे लागते, आणि हात दाबून धरत असताना मनाचा एक मोठा हिस्सा तिथेच खर्च होतो. उंची आणि वेग यांच्या मागे धावणाऱ्या बऱ्याच प्रशिक्षणार्थींची खरी चूक काही सेकंद आधी, ट्रिम लावण्याच्या जागी झालेली असते. तसेच ठरलेली पॉवर, ठरलेले फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या झडपा) आणि नाकाची ठरलेली स्थिती यांचे जे वेग येतात, ते प्रशिक्षकांकडून आकड्यांसह समजून घ्या. ती स्थिती धरली की वेग जवळजवळ आपोआप येतो आणि काट्याकडे पाहण्याचे काम पाठलागाऐवजी पडताळणीचे होते. मग फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, नजर रनवेवरच्या लक्ष्यबिंदूवर, तिथून क्षणभर वेगावर, आणि पुन्हा लक्ष्यबिंदूवर. काट्यावरची नजर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये. काटा चुकीचा दिसला तर छोटी दुरुस्ती करून नजर पुढे न्यावी आणि दुरुस्तीचा परिणाम पुढच्या फेरीत पाहावा.

इथेच तुमच्या मित्राबद्दल. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी 1967 मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी प्रत्येक हालचाल विचार करून, मग चुका कमी होत जाऊन, आणि शेवटी जवळजवळ नकळत. पहिल्या पायरीवर हातांची कामेच सगळे लक्ष खाऊन टाकतात, म्हणून रेडिओ ऐकू येईनासा होतो. मित्राचे हात कदाचित काही तास आधी तिसऱ्या पायरीकडे सरकले असतील. त्याच्या मनात किती ओढाताण चालते, हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. यावरून त्याच्या किंवा तुमच्या स्मरणशक्तीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट डाउनविंडवर कळवायला विसरण्याची. ही वेगळ्याच जातीची स्मृती आहे: काय करायचे ते तुम्हाला माहीत असते, पण ते योग्य क्षणी आठवत नाही. कोणी तेव्हा विचारले असते, तर तुम्ही लगेच सांगितले असते. पण तेव्हा विचारणारे कोणी नसते. वैमानिकांच्या बाबतीत ही फार धोकादायक विस्मृती आहे. 16 ऑगस्ट 1987 रोजी डेट्रॉइटहून निघालेले नॉर्थवेस्टचे 255 क्रमांकाचे उड्डाण फ्लॅप न लावताच धावले आणि कोसळले. जमिनीवरच्या दोघांसह 156 जण मृत्युमुखी पडले. टॅक्सी करतानाची चेकलिस्ट झालीच नव्हती, आणि चूक लक्षात आणून देणाऱ्या धोक्याच्या यंत्रणेला वीजपुरवठा नव्हता. त्या वैमानिकांना फ्लॅप लावायचे असतात हे माहीत नव्हते, असे कोण म्हणेल? नासाच्या एम्स केंद्रात आर. की डिस्म्युकीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा विस्मृतींचा बारकाईने अभ्यास केला. काम मध्येच तुटणे, काम पुढे ढकलावे लागणे आणि नेहमीच्या क्रमाबाहेर करावे लागणे, या प्रसंगी अनुभवी माणसेही चुकतात, असे त्यात पुन्हा पुन्हा दिसते.

यावर ‘लक्षात ठेवीन’ असा निश्चय पुरत नाही. कृती एखाद्या दिसणाऱ्या खुणेला बांधावी लागते. ‘डाउनविंडवर कळवायचे’ असे ठरवण्याऐवजी, ‘पंखाचे टोक रनवेच्या मध्याच्या रेषेत आले की बोटे बटणावर’ असे ठरवा, आणि उड्डाणापूर्वी ते मोठ्याने म्हणा. पुढे ढकललेल्या कामाची आठवण हाताला लागेल अशी ठेवा: अर्धवट राहिलेली चेकलिस्ट परत खिशात घालू नका, ती मांडीवर उघडी राहू द्या. चेकलिस्ट मध्ये तुटली तर त्या भागाच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचा. ‘इथपर्यंत झाले होते’ या आठवणीवर विसंबू नका, कारण रोज करत असलेल्या कृतीच्या बाबतीत आजची आठवण आणि कालची आठवण वेगळी करणे मनाला फार कठीण जाते. 30 ऑक्टोबर 1935 रोजी राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल 299 उड्डाण करताच कोसळले, कारण जमिनीवर असताना नियंत्रणपृष्ठे (विमान वळवणारे हलते भाग) अडकवून ठेवणारे कुलूप काढायचे राहिले होते. ते विमान त्या काळातील निष्णात वैमानिकांच्या हातात होते, आणि वैमानिकांची चेकलिस्ट रुजली ती त्या अपघातानंतर. स्मृतीला कागदाचा आधार देण्याची रीत त्यांच्यासारख्यांसाठी आवश्यक ठरली, तेव्हा तुम्हाला तिच्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आता तुमच्या रात्रीच्या अभ्यासाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. टिपणे पुन्हा पुन्हा वाचल्याने ती ओळखीची वाटू लागतात, आणि आपण ती शिकलो असे वाटते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 मध्ये दोन पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, वाचून झाल्यावर पुस्तक बंद करून आठवण्याचा सराव केलेले विद्यार्थी स्पष्टपणे पुढे गेले. मोबाइलवरचे खेळ तर थांबवाच. 2010 मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अकरा हजारांहून अधिक लोकांना सहा आठवडे असे खेळ खेळायला लावले. लोक त्या त्या खेळात सुधारले, पण त्याचा फायदा इतर बौद्धिक कामांत उतरला नाही. तो वेळ तुम्ही खुर्चीतल्या उड्डाणाला द्या. कॉकपिटचे मोठे चित्र समोर लावा, हात खरोखर त्या त्या जागी न्या, रेडिओवरची वाक्ये मोठ्याने म्हणा आणि सर्किटची, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या चौकोनी वाटेची, पूर्ण फेरी खऱ्या वेळात करा. ते सहज जमू लागले, की मित्राला मध्येच नियंत्रक होऊन बोलायला सांगा, चेकलिस्ट मुद्दाम तोडायला सांगा. जे हवेत आठवायचे आहे ते हवेतल्यासारख्या गडबडीत आठवून पाहणे, हाच त्याचा सराव. रोज थोडे, अंतराने; एका रात्रीत चार तास नव्हे. आणि झोप घ्या. दिवसा शिकलेले मनात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, आणि अपुऱ्या झोपेनंतर सर्वांत आधी ढासळते ते लक्षच.

जे वाचक बऱ्याच महिन्यांच्या खंडानंतर उड्डाणाकडे परतत आहेत, त्यांनीही हाच सराव करावा. स्टीव्हन कॅस्नर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये विमान कंपन्यांच्या वैमानिकांचा अभ्यास केला, तेव्हा हाताने विमान सांभाळण्याचे आणि काट्यांवर नजर फिरवण्याचे कौशल्य बऱ्यापैकी टिकलेले आढळले. आपण कुठे आहोत, पुढची पायरी कोणती आणि काय बिघडले आहे, हे मनात जुळवत राहण्याची सवय मात्र अधिक सुटलेली होती. हात लवकर परत येतात, म्हणून मनही परत आले आहे असे समजू नये.

प्रशिक्षकांशी बोलणे तुम्ही टाळत आहात, असे पत्रावरून जाणवते. ‘लक्ष कुठे आहे?’ या प्रश्नातून तुम्हाला करण्यासारखे काही हाती लागत नाही, हे खरे; पण तो बदलून घेणे तुमच्या हातात आहे. उड्डाणानंतर त्यांना विचारा, ‘सर, आजच्या फेरीत माझ्याकडून सर्वांत आधी काय सुटले?’ चुका बहुधा साखळीने येतात, आणि शेवटची चूक सुधारण्यापेक्षा पहिली सापडणे जास्त उपयोगी असते. शिवाय एका उड्डाणापुरता रेडिओ त्यांनी सांभाळावा, अशी विनंती करा. भार कमी झाल्यावर तुमचे वेग आणि उंची सावरतात का, हे त्यातून कळेल. सावरले तर दोष स्मृतीचा नसून अजून हातांना सवय झालेली नाही, असा त्याचा अर्थ आहे, आणि मग रेडिओ हळूहळू तुमच्याकडे परत घेता येईल. एवढ्यानेही संवाद जमला नाही, तर संस्थेतल्या दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर एक मूल्यमापनाचे उड्डाण मागण्यात काही गैर नाही.

एक शक्यता मात्र वेगळी ठेवतो. लक्ष टिकत नाही ही तक्रार उड्डाणापुरती नसून लहानपणापासून अभ्यासात, घरात, बोलण्यात सर्वत्र असेल, तर ती वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करणाऱ्या अधिकृत डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. लक्ष वाढवण्याच्या नावाखाली कोणतेही औषध स्वतःहून घेऊ नका. अनेक औषधांचा थेट परिणाम तुमच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर होतो.

राहिला सोडण्याचा प्रश्न. सोडणे हा लाजिरवाणा पर्याय मी मानत नाही, आणि प्रत्येकाने वैमानिक झालेच पाहिजे असेही नाही. प्रशिक्षण काही महिने थांबवणे मात्र मला सर्वांत कमी हिताचे वाटते, कारण खंड पडला की हातांची अर्धवट सवयही सुटते आणि परतल्यावर तुम्ही आजच्यापेक्षा मागे असाल. म्हणून निर्णय आत्ता घेऊ नका आणि वाईट उड्डाणाच्या दिवशी तर मुळीच घेऊ नका. पुढच्या काही उड्डाणांनंतर त्याच संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिहा: मी काय अपेक्षित धरले होते, काय घडले आणि सर्वांत आधी काय सुटले. मग ती पाने एकत्र वाचा. चुका जागा बदलत असतील, म्हणजे पूर्वी रेडिओवर सुटायचे ते आता जमते आणि नवी अडचण फ्लेअरमध्ये, म्हणजे चाके टेकण्याआधी नाक उचलताना, दिसते, तर तुम्ही शिकत आहात आणि तुम्हाला फक्त आणखी तास हवे आहेत. सराव बदलून, भार कमी करून, दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर उडूनही तीच चूक त्याच जागी राहिली, तर ती वही घेऊन मुख्य प्रशिक्षकांसमोर बसा आणि पुढे जायचे की नाही, हे त्यांच्याबरोबर ठरवा.